स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (मूळ नाव: व्यंकटेश भवानराव खेडगीकर, ३ ऑक्टोबर १९०३ – २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मतदारसंघाचे लोकसभा सदस्य होते. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हिप्परगा व अंबाजोगाई येथे अध्यापन करीत असताना त्यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला.

निजामाच्या राज्यात प्रजेला स्वतःचे सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली आणि सत्याग्रहात रामानंद तीर्थांना कारावास झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली.

१९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने हैदराबाद विधानसभेची पहिली निवडणूक झाली. १७५ पैकी ९३ जागा जिंकून काँग्रेसने सरकार स्थापन केले. रामानंद तीर्थ मात्र गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते झाले. राज्याबरोबर ही विधानसभाही इतिहासजमा झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली, तरी रामानंद तीर्थ औरंगाबादमधून विजयी झाले. नांदेड येथील विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.