‘लिबर्टी बेल’चा कारागीर

जुन्या वस्तूंच्या लिलावात एखाद्या वस्तूला किती मोल यावे, हे तिच्या उपयुक्ततेवर क्वचितच ठरते. जगात तशा किती वस्तू शिल्लक उरल्या आहेत, यावर ते ठरते. अमेरिकेतील लिलावगृहांत जुन्या स्लॉट मशीनवर बोली लागते तेव्हा याचा चांगलाच प्रत्यय येतो. १९३० ते १९५० या काळात कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली यंत्रे एक-दोन हजार डॉलरना मिळू शकतात; विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही दुर्मीळ यंत्रांची बोली मात्र लाख डॉलरचीही मर्यादा ओलांडते. तीन चक्रांच्या या यंत्राचा पहिला नमुना ज्यांच्या हातून घडला, त्या चार्ल्स ऑगस्ट फे यांना आपल्या हयातीत त्यावर कायदेशीर हक्क सांगता आला नाही.

फे यांचा जन्म १८६२ मध्ये बव्हेरियातील फोरिंगेन या गावी झाला. सोळा भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणीच म्युनिकमधील शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात त्यांचा हात यंत्रांवर बसला. पंधराव्या वर्षी त्यांनी घर सोडले. फ्रान्समध्ये काही काळ काम करून ते लंडनला गेले आणि तेथे नौकानयनाची उपकरणे बनविण्याच्या व्यवसायात काही वर्षे रमले. अचूकतेचा जो ध्यास पुढे त्यांच्या प्रत्येक यंत्रात दिसला, त्याची तालीम या उमेदवारीतच झाली. त्यानंतर ते अमेरिकेत आले आणि १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले. येथेच त्यांचा संसार थाटला गेला, येथेच त्यांना क्षयाने गाठले आणि त्या काळी बहुधा जीवघेण्या ठरणाऱ्या या रोगातून ते सुखरूप बाहेरही पडले.

सोन्याच्या शोधात वसलेल्या या शहरात मद्यगृहांना तोटा नव्हता आणि नाणे टाकून नशीब अजमावण्याची हौस तेथे मुरलेली होती. १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पत्त्यांची चित्रे असलेल्या पाच चक्रांचे यंत्र बाजारात आणले होते. त्यात पोकरचा हात जमला तर बक्षीस यंत्र देत नसे. गुत्त्याचा मालक पेय वा चिरूट देऊन हिशेब चुकता करी. पत्त्यांच्या जोड्या इतक्या असंख्य होत्या, की त्या ओळखून आपोआप पैसे मोजणारी रचना करणे जवळजवळ अशक्य होते. सॅन फ्रान्सिस्कोतील गुस्टाव्ह शुल्ट्झ यांनी १८९३ मध्ये स्वतःहून नाणी देणारे एक यंत्र तयार केले खरे; पण त्यात एकच चक्र होते. फे आणि त्यांचे सहकारी थिओडोर होल्ट्झ हे दोघेही याच खटपटीत होते. १८९४ मध्ये फे यांनी आपले पहिले यंत्र बनविले आणि लवकरच नोकरी सोडून ते पूर्णवेळ याच व्यवसायात उतरले.

१८९८-९९ च्या सुमारास त्यांना मार्ग सापडला. पाचाऐवजी तीनच चक्रे आणि बावन्न पत्त्यांऐवजी मोजकी चिन्हे: घोड्याची नाल, चौकट, बदाम, इस्पिक आणि अमेरिकी स्वातंत्र्याचे प्रतीक असलेली घंटा. प्रत्येक चक्राला दहा थांबे, म्हणजे एकूण एक हजार जोड्या. चक्रांना जोडलेल्या तबकड्यांवरील खाचांत लोखंडी बोटे उतरत आणि ती किती खोल गेली, यावर किती नाणी सोडायची हे यंत्रच ठरवी. चक्रे एकदम थांबत नसत; डावीकडून उजवीकडे, एकामागून एक थांबत. दोन घंटा जुळल्या, की तिसऱ्या चक्रावर खेळणाऱ्याचा श्वास अडके. तीन घंटा जुळल्यास पन्नास सेंट मिळत. पाच सेंटच्या एका नाण्यावर दहा नाणी, हेच सर्वांत मोठे बक्षीस. ओतीव लोखंडाच्या या यंत्राला फे यांनी ‘लिबर्टी बेल’ असे नाव दिले.

यंत्र लोकप्रिय झाले. पण त्याचे संरक्षण कसे करायचे? येथे फे यांची गाठ कायद्याशी पडली. १८९७ मध्ये शुल्ट्झ यांनी होल्ट्झ यांच्याविरुद्ध आणलेल्या दाव्यात न्यायालयाने असा निर्णय दिला होता, की जे उपकरण केवळ जुगाराच्याच कामी येते ते उपयुक्त मानता येत नाही आणि म्हणून त्याचे पेटंट टिकत नाही. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने ही भूमिका सोडली, ती थेट १९७७ मध्ये. पेटंटचा दरवाजा असा बंद असल्याने फे यांनी यंत्र विकायचेच नाही, असे धोरण ठेवले. ते मद्यगृहात यंत्र ठेवत आणि जमलेल्या पैशांत मालकाशी निम्मी वाटणी करत. खोटी नाणी ओळखणारी युक्तीही त्यांनी यंत्रात बसविली होती.

खोटे नाणे अडविता आले, चोर मात्र अडविता आला नाही. १९०५ मध्ये पॉवेल स्ट्रीटवरील एका मद्यगृहातून एक ‘लिबर्टी बेल’ चोरीस गेली आणि ती शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीच्या हाती पडली, असे सांगितले जाते. १९०७ च्या सुमारास त्या कंपनीचे याच धर्तीचे यंत्र बाजारात आले. पुढे यंत्राची खिडकी मोठी झाली आणि मधल्या ओळीच्या वरखाली असलेली चिन्हेही दिसू लागली. जिंकणे थोडक्यात हुकले, असा भास त्यामुळे वाढला. फळांची चित्रेही आली. मोठ्या कारखान्यापुढे फे यांच्या छोट्या कार्यशाळेचा टिकाव लागणे कठीणच होते. त्यात १९०६ च्या भूकंपाने आणि त्यापाठोपाठच्या आगीने ती कार्यशाळाही गिळली. त्यांनी पुन्हा उभारी धरली, तोच १९०९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि १९११ मध्ये संपूर्ण कॅलिफोर्नियात या यंत्रांवर बंदी आली.

तरीही हा कारागीर हात बांधून बसला नाही. बंदीनंतरही ते नाण्यांवर चालणारी निरनिराळी यंत्रे घडवीत राहिले आणि १९२९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, चांदीचा डॉलर घेणारे स्लॉट मशीन त्यांनी तयार केले. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच या यंत्रांवर हातोडे पडू लागले होते. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे स्वतः घणाने फोडली आणि ती पाण्यात बुडविण्यात आली. १९५१ च्या संघीय कायद्याने बंदी असलेल्या राज्यांत यंत्रे नेणेच बेकायदा ठरविले. या यंत्रांनी अनेक संसारांची मिळकत ओढून नेली होती. त्यामुळे या कारवायांमागचा रोष अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्यात इतिहासही चिरडला गेला. १९७० च्या दशकापासून अनेक राज्यांनी जुनी यंत्रे निव्वळ संग्रहासाठी बाळगण्यास मुभा दिली. कॅलिफोर्नियात आज पंचवीस वर्षांहून जुने यंत्र बाळगता येते. वाचलेल्या यंत्रांना मग उघड बाजारपेठ मिळाली आणि किमती चढू लागल्या.

आज बोली लावणारा जाणकार आधी मूळ ओतकाम पाहतो, मूळ रंग, आतील सुटे भाग, बक्षिसांचा तक्ता पाहतो. नव्याने ओतलेल्या प्रतिकृती आणि इकडून तिकडून जुळविलेली यंत्रे यांमुळे ही पारख अत्यावश्यक झाली आहे. खुद्द फे यांच्या हातच्या ‘लिबर्टी बेल’ मोजक्याच उरल्या आहेत. त्यांच्या नातवांनी रेनो येथील आपल्या उपाहारगृहात जपलेली मूळ ‘लिबर्टी बेल’, ते उपाहारगृह २००६ मध्ये बंद झाल्यावर, कार्सन सिटीच्या नेवाडा राज्य संग्रहालयात पोहोचली. लास व्हेगासपासून गोव्यातील कॅसिनोंपर्यंत आज दिसणाऱ्या यंत्रांत लोखंडी बोटांची जागा संगणकाने घेतली आहे. पण एकामागून एक थांबणाऱ्या चक्रांचा तो खेळ फे यांचाच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत ४०६ मार्केट स्ट्रीट या पत्त्यावर, जेथे त्यांची कार्यशाळा होती, तेथे कॅलिफोर्निया राज्याने ऐतिहासिक स्थळाचा फलक लावला आहे. ज्या राज्याने १९११ मध्ये त्यांच्या यंत्राला हद्दपार केले, त्याच राज्याने पुढे त्यांच्या कल्पकतेची नोंद धातूत कोरली. कायद्याच्या दृष्टीने ज्या यंत्राला उपयोगमूल्यच नव्हते, त्याच यंत्राला कायद्याच्या हातोड्याने दुर्मीळ आणि म्हणून मौल्यवान केले. त्या मोलातला वाटा मात्र पाच सेंटच्या नाण्यांची निम्मी वाटणी घेणाऱ्या या कारागिराच्या पदरी कधीच पडला नाही.