शं. वा. किर्लोस्कर : वाचक ओळखणारे संपादक

स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आमचा रिवाज आहे. यंदा आम्ही शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शं. वा. कि., यांचे स्मरण करीत आहोत. बिदर-कलबुर्गीकडच्या जुन्या मराठी घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही नावे नव्याने सांगायला नकोत. एका घरातल्या निरनिराळ्या माणसांसाठी निरनिराळी मासिके काढणारा हा संपादक आपल्या शेजारचाच होता.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला. वडील वासुदेवराव तेथे डॉक्टर होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले. काका लक्ष्मणराव यांनी बेळगावात लोखंडी नांगराचा धंदा उभा केला होता. १९१० मध्ये तो कारखाना औंध संस्थानातल्या माळरानावर आला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. चित्रकार पुतण्या या कारखान्यात दाखल झाला आणि जाहिरातीचे काम पाहू लागला.

हे काम सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, असे तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वाटे. नुसती नांगराची स्तुती छापून अशा गिऱ्हाइकाची भीती जाणार नव्हती. समोरचा माणूस कोण, त्याला काय पटते आणि कशाचा संशय येतो, हे आधी समजून घ्यावे लागे. शंकररावांचे संपादकीय शिक्षण या नांगराच्या विक्रीत झाले, असे आम्हाला वाटते.

१९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याचे आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे पत्र होते. पण वाचणाऱ्याला नांगराखेरीज इतरही जग असते, हे ओळखून शंकररावांनी त्यात उद्योगधंदा, समाजसुधारणा, विज्ञान आणि ललित लेखन आणले. स्वतःची व्यंगचित्रे दिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून वाचकांपुढे आले. पुढे ‘खबर’ हा शब्द गळाला आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले.

मासिक वाढले तसे वाचकही नाना तऱ्हेचे झाले. सगळ्यांना एकाच अंकात बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडेच येणार. म्हणून १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले. संसार सांभाळणाऱ्या बाईलाही विचार असतात आणि तिचे प्रश्न तिच्याशीच बोलायला हवेत, ही त्यामागची भूमिका होती. १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ आले. तिन्ही मासिके एका आडगावच्या छापखान्यातून निघत आणि मराठी मुलखाबाहेरच्या घरांतही जात.

वाचकांचे असे गट पाडणे हा आज जाहिरात व्यवसायातला रोजचा विषय आहे. वय, शिक्षण, मिळकत आणि आवड पाहून माल कोणाला खपेल ते ठरवतात. शंकररावही धंदेवाईक होते. व्यापारावर त्यांनी पुस्तके लिहिली. पण वाचकाला आवडेल तेवढेच द्यायचे, असे त्यांनी केले नाही. रूढींवर त्यांची मासिके टीका करीत आणि त्यामुळे रागावणारे वाचकही असत. वाचक ओळखायचा तो त्याला एक पाऊल पुढे नेण्यासाठी, हे त्यांचे धोरण होते. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षी त्यांचे ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते.

हे चरित्र निवडण्यामागे आमचा एक हेतूही आहे. निजामी अमलात आपल्या भागात सरकारी कामकाज आणि वरचे शिक्षण उर्दूत होते. १९५६ नंतर कन्नड आली. मराठी टिकली ती घरात, भजनात आणि अशा मासिकांत. आज आमची नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. हिंदीमुळे त्यांना अक्षरे लागतात, पण लांब मराठी लेखात ती दुसऱ्या परिच्छेदाशी थांबतात. आम्ही मात्र वर्षानुवर्षे एकच स्मरणिका आजोबांसाठी काढतो आणि मुले वाचत नाहीत म्हणून मुलांनाच बोल लावतो.

शंकररावांनी अशा वेळी त्या मुलांसाठी निराळे काही काढले असते. पुढच्या वर्षी निदान आठ पाने मुलांसाठी ठेवावीत, सोप्या मराठीत आणि मोठ्या टायपात, असे आम्ही सुचवतो. त्यांत काय असावे, हे मात्र आम्ही मोठ्यांनी बसून ठरवू नये. आरतीनंतर प्रसादाला मुले थांबतात, तेव्हा त्यांनाच विचारावे.