डोंगरावरचा चेंडू : कॉनरॅड वॅडिंग्टन

ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दिलाय, काहींनी तर दोनदा! पण या विषयाच्या सुरुवातीच्या मंडळींमधला एक जण मुळात गर्भाच्या वाढीचा अभ्यासक होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांचं नाव कॉनरॅड हॅल वॅडिंग्टन.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1905 रोजी इंग्लंडमधल्या इव्हशॅम गावी झाला. वडील वायनाडमध्ये चहाच्या मळ्यावर कामाला, त्यामुळे पहिली काही वर्षं भारतातच गेली. चार वर्षांचे असताना त्यांची रवानगी इंग्लंडला नातेवाइकांकडे झाली. आईवडील मात्र 1928 पर्यंत इकडेच राहिले. लहानपणापासून जीवाश्मांचा नाद, म्हणून केंब्रिजमध्ये भूशास्त्र घेतलं आणि 1926 साली पहिला वर्ग मिळवला. पुढे ते वळले गर्भविज्ञानाकडे.

त्यांना छळणारा प्रश्न साधाच होता. सगळं शरीर एकाच पेशीपासून बनतं, प्रत्येक पेशीत जनुकं तीच. मग एक पेशी कातडीची आणि दुसरी मेंदूची कशी होते? जनुकांपासून प्रत्यक्ष शरीर कसं घडतं, याच्या अभ्यासाला 1942 मध्ये त्यांनी नाव दिलं एपिजेनेटिक्स. जनुक कशाचं बनलंय हेसुद्धा तेव्हा पक्कं माहीत नव्हतं, बरं का!

मध्येच महायुद्ध आलं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये ते ऑपरेशनल रिसर्चचं काम पाहू लागले. ठरावीक तासांनी विमानांची तपासणी व्हायची, आणि तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसायचे. धड चाललेल्या यंत्राला उगाच हात लावू नये, हा धडा आजही मेंटेनन्सवाले त्यांच्या नावाने सांगतात.

1947 पासून ते एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक होते. 1957 च्या पुस्तकात त्यांनी एक चित्र दिलं. डोंगराच्या माथ्यावर चेंडू, खाली फाटत गेलेल्या दऱ्या. चेंडू म्हणजे पेशी. ज्या दरीत उतरेल, ते तिचं भवितव्य. दुसऱ्या चित्रात डोंगराच्या पोटात दोर ताणलेले, खुंट्यांना बांधलेले. खुंट्या म्हणजे जनुकं. जमिनीचा उतार ठरतो तो या दोरांच्या ओढीने.

26 सप्टेंबर 1975 रोजी वॅडिंग्टन वारले. दोर नेमके कसले, हे नंतर उलगडत गेलं. डीएनएवर मिथाईल गटांच्या खुणा असतात. त्या वाचणारं एमईसीपी-2 हे प्रथिन एडिंबऱ्याच्याच एड्रियन बर्ड यांच्या गटाने 1992 मध्ये शोधलं. ह्यूस्टनमध्ये हुदा झोग्बी यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं, की याच प्रथिनाचं जनुक बिघडलं की रेट सिंड्रोम होतो. साधारण दहा हजारांत एका मुलीला तो होतो. बाळ सुरुवातीला नीट वाढतं. मग वर्ष-दीड वर्षाच्या आसपास शिकलेले शब्द जातात, हातांनी वस्तू धरणं सुटतं.

यात चेतापेशी मरत नाहीत. चेंडू दरीत पोचलेला असतो, दोर मात्र ढिले पडलेले असतात. म्हणूनच 2007 मध्ये बर्ड यांच्या गटाने मोठ्या झालेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं, तेव्हा आजाराची बरीच लक्षणं मागे हटली. माणसांत हे अजून साधलेलं नाही. पण मेंदूची वाढ एकदा बिघडली की विषय संपला, असं आता कुणी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि त्या मुलींच्या आईवडिलांसाठी ही गोष्ट लहान नाही.