विश्लेषण : 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरी'तली नोकरी कशी होती?

नांदेड-लातूरहून दरवर्षी कितीतरी मुले-मुली एडिटिंग, अॅनिमेशन, कॅमेरा अशा कामांसाठी पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कंपनी कसली? पगार किती? पाहुण्यांनी विचारले तर सांगायचे काय? शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दादरच्या मथुरा भवनात काम करणाऱ्यांना शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मालकानेच पढवून ठेवले होते : हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे, एवढेच सांगायचे. सिनेमात काम करतो म्हटले तर अब्रू जायची.

हे मालक म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यात फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि नंतर स्वतःचा छापखाना असा त्यांचा प्रवास. छापखान्यात भागीदारांशी बिनसले आणि ते बाहेर पडले. पुढे ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि असेच चित्र कृष्णावर काढायचे डोक्यात बसले. विमा पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

काम नेमके कसे चालायचे?

आजच्या भाषेत हे घरातले स्टार्टअप होते. स्त्री भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात दहा रुपयांवर राबणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करायच्या. उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवायच्या आणि रात्री अंधारात फिल्म धुवायच्या.

फिल्मला दोन्ही कडांची छिद्रेही घरीच पाडावी लागत. थोडे गणित करू. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एका बाजूला ४ छिद्रे, म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३,७०० फुटांचा. एका प्रतीलाच पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे! श्रेयनामावलीत या कामाला जागा नव्हती. चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि चालला.

त्याच वर्षी मुक्काम नाशिकला हलला. (आपली नंदीग्राम एक्स्प्रेस नाशिकरोडवरूनच जाते.) तिथे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. बाईला कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची नोकरी मिळाली ती इथे.

मग बिनसले कुठे?

१९१७ च्या 'लंकादहन'ने पैसा इतका दिला की मद्रासमध्ये तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागल्याचे सांगतात. पैसा दिसला तसे भांडवलदार आले. १९१८ मध्ये फाळके पाच भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत शिरले. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि वेळेचे बंधन हवे होते. फाळके मनासारखा शॉट मिळेपर्यंत हलत नसत. क्रिएटिव्ह टीम आणि अकाउंट्स यांच्यातली ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. प्रामाणिकपणे सांगायचे तर भागीदारांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पगाराची तारीख कुणाला तरी पाळावी लागतेच.

कुणाच्या मध्यस्थीने हे मिटले नाही. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. इकडे त्यांच्याशिवाय कंपनीचे चित्रपट चालेनात. शेवटी १९२२ मध्ये भागीदारांनी त्यांना परत आणले, पण आता महिना हजार रुपये पगारावर निर्मितीप्रमुख म्हणून. जी कंपनी आपल्या नावावर उभी राहिली, तिथेच ते पगारदार झाले.

शेवट कसा झाला?

१९३१ मध्ये बोलपट आला. फाळक्यांचा मूकपट 'सेतुबंधन' अशा वेळी तयार झाला की त्याला नंतर आवाज जोडावा लागला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. तोही दुसऱ्याच्या, म्हणजे कोल्हापूर सिनेटोनच्या नोकरीत. तेव्हा वय ६७. त्यानंतर काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला त्यानंतर आणखी २५ वर्षे जावी लागली.