रेव्हरंड टिळकांचे सांगणे

सन १८९३. नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेले हे चित्पावन कवी नोकरीच्या शोधात निघाले होते. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले ते धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. ते पुस्तक त्यांनी वाचले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची झळ घराला लागली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, परंतु आपले सोवळे सांभाळूनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी सोडविला आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

मी गायन शिकवितो. त्यामुळे टिळकांच्या कार्याची एक बाजू मला विशेष जाणवते. विलायती चालीवर मराठी शब्द बसविले की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ आखडते आणि ऐकणाराच्या कानाला अर्थ परका लागतो. टिळकांनी येशूची भक्ती अभंग, ओवी आणि पदांत आणली. अभंगाचे धृपद एकाने उचलावे आणि साऱ्यांनी झेलावे. तेथे श्रोता नुसता ऐकणारा राहात नाही. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीही होत असे, पण तुकोबांच्या वाणीत मुरलेला कवी त्याला टिळकांच्या रूपाने लाभला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. पूर्वीची भक्ती त्यांनी कधी टाकाऊ ठरविली नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

तथापि टिळकांचा धर्म घरोघरी पोहोचविला तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने. जुन्या मराठी घरांतून धर्मांतराचे नाव काढताच दार लागत असे. त्या घरांतूनही हे पुस्तक आवडीने वाचले गेले. पतीचा तापट स्वभाव, घर रिकामे करणारे औदार्य, न सांगता निघून जाणे, त्यांनी काहीच झाकले नाही. म्हणूनच त्याच माणसाची करुणा त्या सांगतात तेव्हा ती खरी वाटते. वाचणाऱ्याने आपला देव बदलावा, असा त्यांचा आग्रह नाही. शेजारणीशी बोलावे तसे त्या बोलतात आणि त्यांचे दुःख व त्यांची श्रद्धा आपल्याला एकदमच कळते. धर्माविषयी बोलू पाहणाऱ्या कोणीही, मग तो कोणत्याही देवळातला असो, या दांपत्याकडून एवढे अवश्य शिकावे.