आकाशाचा चित्रकार : यूजेन बूदँ

सागरकिनारा सुटला की सागर अधिकच आठवतो, हे परप्रांती संसार थाटलेल्या आम्हां कोकणच्या माणसांना कोणी सांगावयास नको. फ्रेंच चित्रकार यूजेन बूदँ याचे चरित्र आम्हांला जवळचे वाटते, ते त्यामुळेच.

नॉर्मंडीतील ऑनफ्लर या बंदरात 12 जुलै 1824 रोजी एका खलाशाच्या घरी त्याचा जन्म झाला. बालपणीच तो बापाबरोबर बोटीवर काम करू लागला. पुढे ल हाव्र येथे त्याने कागदांचे व चौकटींचे दुकान काढले. तेथे मिले, त्रॉयाँ असे चित्रकार येत. त्यांची चित्रे दुकानात लागत. ती पाहता पाहता याच्याही हातात कुंचला आला आणि बाविसाव्या वर्षी त्याने व्यापाराला रामराम ठोकला. 1851 मध्ये ल हाव्र नगरपालिकेने त्याला पॅरिसला शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. पण पॅरिसमध्ये त्याचे मन रमेना. आकाश पाहावे ते नॉर्मंडीचे! उघड्यावर बसून तो ढगांची रंगीत खडूंची टिपणे करी आणि त्यांवर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशाही नोंदवून ठेवी. 1859 मध्ये ही टिपणे पाहून कवी बोदलेर थक्क झाला. कोरोने तर त्याला आकाशाचा राजा ठरविले.

ल हाव्रमध्ये व्यंगचित्रे काढून पैसे मिळविणारा एक पोरगा त्याला भेटला. पोराला बूदँची चित्रे मुळीच आवडत नसत. तो भेट टाळू पाही. बूदँने नेट लावून त्याला आपल्याबरोबर उघड्यावर नेले. तो पोरगा म्हणजे क्लोद मोने. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, हे ऋण मोनेने पुढे मोकळ्या मनाने मान्य केले.

1862 पासून बूदँ त्रूव्हिलचे किनारे रंगवू लागला. पॅरिसचे धनिक तेथे हवा खाण्यास येत. 1863 मध्ये आगगाडी आली आणि गर्दी वाढली. आडव्या, लहानशा फळीवर निम्म्याहून अधिक आकाश, खाली वाळूवर फुगीर घागरे, छत्र्या, खुर्च्या. माणसे म्हणजे रंगांचे नुसते ठिपके. चेहरे शोधू गेल्यास सापडत नाहीत. सम्राज्ञी यूजेनीसुद्धा अशाच एका घोळक्यात आहे.

ही चित्रे विकली जात, तरी त्याचे मन त्याला खात होते. 1867 मध्ये ब्रिटनीच्या कष्टकऱ्यांत महिनाभर राहून तो परतला, तेव्हा हा श्रीमंती थाट त्याला सोंगासारखा भासला आणि आपण तो रंगवतो याची लाज वाटली. वर्षभराने मात्र, सुखवस्तू माणसांवरही तोच सूर्यप्रकाश पडतो, मग त्यांना चित्रात जागा का नसावी, असा युक्तिवाद त्याने केला. आम्हांला हा युक्तिवाद पटतो. परंतु त्याचे स्वतःचे पुरते समाधान झाले नसावे. पुढे त्याने त्याच परिसरातील, गुडघे टेकून कपडे धुणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ रंगविल्या.

1874 च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात त्याची चित्रे होती. नंतरच्या प्रदर्शनांत तो सामील झाला नाही. मान उशिरा लाभला. 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी पत्नी मारी-आन निवर्तली.

1898 मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा त्याने आपल्याला समुद्राकडे न्यावे असा आग्रह धरला. दोव्हिल येथे, आपल्या किनाऱ्याजवळ, 8 ऑगस्टला त्याने प्राण सोडला.