पांढऱ्या बसगाड्यांचा मध्यस्थ

स्वीडनच्या राजघराण्यातील काउंट फोल्के बर्नाडोट (१८९५-१९४८) यांचे नाव गाजले ते १९४५ मध्ये. स्वीडिश रेड क्रॉसचे उपाध्यक्ष असताना त्यांनी नाझी नेता हिमलरशी वाटाघाटी केल्या आणि १५ हजारांहून अधिक कैद्यांना पांढऱ्या बसगाड्यांतून छळछावण्यांबाहेर काढले.

मे १९४८ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि संयुक्त राष्ट्रांनी त्यांना मध्यस्थ नेमले. ११ जूनपासून चार आठवड्यांची शस्त्रसंधी त्यांनी साधली, हेच मोठे यश. जेरुसलेम अरबांकडे सोपविण्याची सूचना असलेला त्यांचा आराखडा मात्र दोन्ही पक्षांनी फेटाळला. ज्यू जहालांचा रोषही ओढवला. मुदत संपताच तोफा पुन्हा धडाडल्या. १८ जुलैला दुसरी शस्त्रसंधी झाली, तेव्हा लाखो पॅलेस्टिनी बेघर होते. त्यांच्यासाठी बर्नाडोट यांनी देशोदेशींकडे मदत मागितली. निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क हवा, हा आग्रह त्यांनी १६ सप्टेंबरच्या अहवालातही धरला.

दुसऱ्याच दिवशी जेरुसलेममध्ये 'लेही' या अतिरेकी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी मोटार अडवून त्यांची हत्या केली. फ्रेंच कर्नल आंद्रे सेरोही ठार झाले. हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. निर्वासितांच्या परतीची तरतूद ११ डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात आली. युद्धविराम करार १९४९ मध्ये त्यांचे सहकारी राल्फ बंच यांनी घडवले.